माध्यमिक शाळेनंतरची वाट

१. प्रश्न नवा आहे

जयपूरच्या तटबंदीच्या आतील रस्त्यांची नावे वाचीत गेल्यास त्या शहराचा एक जुना नियम ध्यानात येतो. जोहरी बाजारात जवाहिरे, ठठेरोंका रास्ता येथे तांब्यापितळेची भांडी घडविणारे, मनिहारोंका रास्ता येथे लाखेच्या बांगड्या करणारे. सवाई जयसिंहाने १७२७ साली हे नगर वसविले, तेव्हापासून निरनिराळ्या धंद्यांचे लोक निरनिराळ्या मोहल्ल्यांत राहू लागले. ज्या रस्त्यावर मुलगा जन्मला त्या रस्त्याचाच धंदा तो बहुधा शिके. पुढे काय करावयाचे, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नसे. आणि मुलीच्या बाबतीत तर तो कोणाच्या मनातही येत नसे.

ही व्यवस्था सर्वस्वी वाईट होती असे म्हणता येणार नाही. शिक्षक घरातच असे, शिक्षण लहानपणी सुरू होई, आणि शिकलेल्या कामाला गिऱ्हाईक मिळेल की नाही याची फारशी चिंता नसे. तिच्यात उणीव होती ती एकच, पण मोठी. ज्या मुलाची बुद्धी वा आवड बापाच्या धंद्याहून निराळी असेल, त्याला तिच्यात जागा नव्हती.

आज त्याच रस्त्यावरचा पंधरासोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी दहावीची परीक्षा उत्तीर्ण होते आणि थोड्याच आठवड्यांत तिला एका अर्जावर विज्ञान, वाणिज्य किंवा कला यांपैकी एका शाखेचे नाव लिहावे लागते. जे पूर्वी जन्माने ठरत असे ते आता निवडीने ठरावयाचे आहे. स्वातंत्र्य आले, परंतु ते वापरावे कसे याचे शिक्षण मात्र त्याबरोबर आपोआप आले नाही. परिणामी पुष्कळदा निवड होते ती शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून, मिळालेल्या गुणांकडे पाहून, किंवा जिवलग मैत्रीण जिकडे गेली तिकडे पाहून.

२. विचाराची तीन अंगे

व्यवसाय मार्गदर्शनाचा पद्धतशीर उपक्रम प्रथम अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली तेथे तरुणांसाठी एक सल्लाकेंद्र उघडले आणि त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९०९ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. भारतात मुदलियार आयोगाने १९५३ सालच्या आपल्या अहवालात माध्यमिक शाळांतून मार्गदर्शनाची सोय असावी असे आग्रहाने सांगितले, आणि १९५४ साली दिल्लीत या कामासाठी एक केंद्रीय संस्था निघाली.

पार्सन्स यांनी सांगितलेली तीन अंगे साधी आहेत. पहिले, स्वतःची ओळख : आवड, कुवत, प्रकृती, घरची परिस्थिती. दुसरे, कामांची ओळख : त्या कामात दिवस कसा जातो, त्यासाठी कोणते शिक्षण लागते, किती वर्षे व किती पैसा लागतो, आणि हाती काय येते. तिसरे, या दोहोंची सांगड. बहुतेक चुका पहिल्या दोन अंगांना वगळून एकदम तिसऱ्यावर उडी घेतल्याने होतात.

येथे आवड आणि कुवत यांतील भेद नीट समजून घ्यावयास हवा. एखाद्या मुलाला विमाने पाहण्याची हौस असते. तेवढ्यावरून त्याला गणिती आकडेमोडीत तासन् तास बसवेल असे ठरत नाही. उलटपक्षी, एखाद्या विषयात गुण उत्तम मिळतात, परंतु त्याचे पुस्तक परीक्षेवाचून कधी उघडावेसे वाटत नाही. दोन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे पाय घट्ट रोवता येतो. कल तपासण्याच्या ज्या चाचण्या असतात त्यांचा उपयोग आहे, पण तो तापमापकासारखा. तापमापक ताप दाखवितो. औषध सांगत नाही.

३. कोणते दार कशाने मिटते

सर्वच निर्णय सारख्या वजनाचे नसतात. काही मागाहून बदलता येतात, काही बदलणे फार कठीण जाते. म्हणून शाखा निवडण्यापूर्वी, आज एखादा विषय सोडल्यास पुढे कोणते दार मिटते, हे पाहणे अगत्याचे आहे.

बारावीला गणित व भौतिकशास्त्र नसल्यास अभियांत्रिकीच्या पदवीची नेहमीची वाट बंद होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांवाचून वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेस पात्र होता येत नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो, पण नौदल व वायुदल यांसाठी गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र लागतात. ही प्रबोधिनी मुलींना खुली झाली आणि २०२५ साली तिच्यातून स्त्री-छात्रांची पहिली तुकडी बाहेर पडली, हेही पुष्कळ घरांतून अद्याप ठाऊक नसते.

याच्या उलट, काही दारे समजुतीप्रमाणे बंद नसतात. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेतून जाता येते. सनदी लेखापालाच्या परीक्षेसाठी वाणिज्य शाखाच हवी असा नियम नाही. आकृतिबंध व वस्त्ररचना शिकविणाऱ्या बहुतेक संस्था शाखा पाहत नाहीत, हात आणि दृष्टी पाहतात. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घेतल्यास पुढे अभियांत्रिकीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. म्हणजे कमाईची सोय आधी करून पदवी नंतर घेणे शक्य आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अभ्यासक्रम सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे असतात, आणि १९६१ च्या कायद्यान्वये कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, विज्ञान शाखेतून पुढे वाणिज्याकडे वा कलांकडे वळता येते आणि उलट येता येत नाही, तेव्हा प्रत्येकाने विज्ञानच घ्यावे. हा निष्कर्ष फसवा आहे. ज्या मुलाला ते विषय झेपत नाहीत त्याचे दार नियमाने उघडे राहिले तरी गुणांनी बंद होते, आणि शिवाय दोन वर्षे नैराश्यात जातात.

४. गर्दीची वाट

जयपूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर कोटा हे शहर आहे. वैद्यक व अभियांत्रिकी यांच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणाऱ्या शिकवणी वर्गांसाठी ते देशभर प्रसिद्ध आहे, आणि जयपुरातही असे वर्ग पुष्कळ आहेत. त्यांतून दरवर्षी अनेक मुले यशस्वी होतात, हे खरे आहे. तथापि साधा हिशेब मांडून पाहावा. वैद्यकाच्या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेसाठी २०२४ साली सुमारे २४ लाख उमेदवारांनी नाव नोंदविले, देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. म्हणजे वीसांहून अधिक उमेदवारांमागे एक जागा. त्यांतही खाजगी महाविद्यालयांचे शुल्क सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते.

ज्या उरलेल्यांना जागा मिळत नाही ते सर्व नालायक असतात असे नाही. जागाच तेवढ्या आहेत. परंतु पंधरासोळा वर्षांच्या मुलाला हे कोणी आधी सांगितलेले नसते. अपयश आले म्हणजे तो ते स्वतःच्या माथी घेतो. २०२३ साली कोट्यात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविल्याचे वृत्त होते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत घेऊ नये अशी सूचना काढली. सूचना योग्यच आहे. पण खरे संरक्षण घरात व्हावयाचे असते. ज्या मुलाजवळ दुसरी वाट आधीपासून ठरलेली आहे आणि तिच्याविषयी घरात आदराने बोलले जाते, त्याला पहिली वाट बंद झाली तरी अंधार वाटत नाही. म्हणून परीक्षेची तयारी सुरू करण्यापूर्वीच दुसरी वाट कागदावर लिहून ठेवावी.

५. हात आणि पुस्तक

पुस्तकी शिक्षण वरचे आणि हाताचे काम खालचे, ही समजूत निवडीत सर्वांत अधिक अडथळा आणते. जयपूरनेच तिचे खंडन करणारे एक उदाहरण जगाला दिले आहे.

तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक होते. पाय गमावलेल्या रुग्णांना पाश्चात्य धर्तीचे कृत्रिम पाऊल बसविले जाई, पण ते त्यांच्या कामाचे नसे. त्या पावलाने उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, शेतात अनवाणी चालता येत नसे; आणि त्याला बूट लागत. त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर रुग्णांना हस्तकला शिकवीत असत. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते, पण पदार्थ हाती घेतला की तो कसा वागेल याची त्यांना जाण होती. वाहनांच्या टायरांना रबर चढविण्याची कृती पाहून, तेच रबर पावलासाठी वापरता येईल हे त्यांनी ओळखले. शल्यचिकित्सकाला सांध्याच्या हालचालींचे ज्ञान होते, कारागिराला साच्याचे व रबराचे. या दोघांच्या प्रयत्नांतून १९६८ च्या सुमारास ‘जयपूर पाऊल’ तयार झाले. पुढे १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते लक्षावधी लोकांपर्यंत पोहोचविले.

या हकीकतीची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांपासून लपवू नये. १९८१ सालचा मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठी यांना मिळाला. रामचंद्रांचे नाव त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे. समाज दोन प्रकारच्या ज्ञानांना अजून सारखे मोल देत नाही, आणि पालकांची भीती काही अंशी यातूनच येते. ती भीती खोटी म्हणून झटकून टाकण्याऐवजी, हाताच्या कौशल्याला अभ्यासाची जोड कशी देता येईल हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

अशी जोड देता येते याचा दाखला कृपालसिंह शेखावत यांचा. ते शांतिनिकेतनात व नंतर जपानमध्ये चित्रकला शिकले, आणि परत येऊन जयपूरच्या निळ्या भांड्यांच्या मावळत्या कलेला त्यांनी पुन्हा उभे केले. त्यांना १९७४ साली पद्मश्री मिळाली.

६. एक कल्पित उदाहरण

समजा, जयपूरजवळच्या बगरू गावातील एका छपाई करणाऱ्या कुटुंबात दहावी उत्तीर्ण झालेली एक मुलगी आहे. घरी हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर लाकडी ठशांनी छपाई होते. गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेला रस उमटविला की काळा रंग येतो. तुरटीच्या जागी लाल चढतो. मुलीला गणितात साधारण गुण आहेत, रसायनशास्त्रात चांगले. वडील म्हणतात, कला शाखा घे, जवळच महाविद्यालय आहे. मामा म्हणतात, विज्ञान घेऊन डॉक्टर हो. ती गप्प आहे.

तिला निर्णय विचारण्यापूर्वी तिच्या शिक्षिकेने एक काम द्यावे. महिनाभर एका वहीत लिहावे : कोणते काम करताना वेळेचे भान राहिले नाही, आणि कोणते काम पुनःपुन्हा पुढे ढकलले. समजा, वहीत असे आढळले की एकाच लोखंडी रसाने एका थानावर काळा आणि दुसऱ्यावर करडा रंग का आला, हे शोधण्यात तिचे तीन दिवस गेले. ही आवड रुग्णसेवेची नव्हे, आणि केवळ चित्रकलेचीही नव्हे. तिला रसायनशास्त्रासह विज्ञान शाखा योग्य ठरेल. पुढे रसायनशास्त्राची किंवा वस्त्ररसायनाची पदवी घेता येईल. गणित झेपल्यास तेही ठेवावे, म्हणजे एक दार अधिक उघडे राहील. न झेपल्यास जीवशास्त्र घ्यावे. दुसरी वाट म्हणून आकृतिबंधाच्या संस्थेची प्रवेशपरीक्षा लिहून ठेवावी. यांपैकी कोणत्याही वाटेने गेली तरी घरच्या रंगांचे ज्ञान तिला ओझे न होता भांडवल होईल.

वडिलांचा आणि मामांचा सल्ला प्रेमाचाच होता. उणीव एवढीच की, त्या सल्ल्यात मुलगी कोठे नव्हती.

७. पालक व शिक्षक यांचे काम

पालकांनी खर्चाचा आकडा मुलापासून लपवू नये. घरची स्थिती ठाऊक असलेला मुलगा अधिक समंजस निवड करतो. त्याला ज्या कामाची ओढ आहे ते काम करणाऱ्या एखाद्या माणसाबरोबर त्याला एक पूर्ण दिवस घालवू द्यावा. दिवसाचा कंटाळवाणा भागही त्याने पाहावा, कारण प्रत्येक व्यवसायात तो असतो. शिक्षकांनी गुणपत्रिकेबरोबर मुलाचे प्रश्नही लक्षात ठेवावेत. आणि निर्णय चुकलाच तर तो दुरुस्त करण्याची मुभा द्यावी. मुक्त विद्यालये व मुक्त विद्यापीठे याचसाठी आहेत. एक वर्ष गेले तर ते एक वर्षच गेले. नको असलेल्या कामात आयुष्य गेले तर ते परत येत नाही.

जयपूरच्या जुन्या रस्त्यांवर वाट आधी आखलेली होती आणि चालणारा मागून येई. आता चालणारा आधी आहे. त्याची चाल ओळखून मग वाट शोधावयाची, एवढाच या विषयाचा सारांश.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आवड व कुवत यांतील भेद स्वतःच्या दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील एका धंद्याची माहिती मिळवा : शिक्षण, कालावधी, खर्च, मिळकत आणि दिवसाचा क्रम.
३. आपण निवडू इच्छित असलेल्या शाखेमुळे कोणती दारे उघडी राहतात व कोणती मिटतात, याची यादी करा.
४. पहिली वाट बंद झाल्यास घ्यावयाची दुसरी वाट लिहा, आणि ती घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा.