गच्चीवर सोलर, तरी बिल का?

प्रश्न : गच्चीवर ३ किलोवॉटचे सोलर बसवले. गेल्या महिन्यात ॲपवर निर्मिती ३४० युनिट दिसली, बिलात मात्र निर्यात २१०च. उरलेले १३० युनिट कोणी खाल्ले? बिल शून्य का आले नाही?

उत्तर : तुम्हीच खाल्ले! दुपारी पॅनेल चालू असताना फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर आधी ती वीज ओढतात. उरलेली तेवढी बाहेर जाते. नेट मीटर घराच्या दाराशी बसलेला असतो, घरातल्या घरात वापरलेली वीज त्याला दिसतच नाही. आता बिलातली आयात पाहा. समजा ती २३० आहे. त्यातून २१० वजा, म्हणजे आकारणी २० युनिटची. घराचा खरा वापर मात्र आयातीचे २३० अधिक घरातच वापरलेले १३०, म्हणजे ३६० युनिट. ही बेरीज सहसा कोणी करत नाही आणि दोष मीटरवर येतो.

शून्य बिलाची जाहिरात मला पटत नाही. निर्यात जास्त झाली तरी स्थिर आकार भरावाच लागतो. जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ३१ मार्चला हिशेब मिटतो. म्हणून उन्हाळ्यातली बचत पावसाळ्यात कामी येते, हिवाळ्यातली पुढच्या एप्रिलला नाही.

जाता जाता : वीज गेली की साधे, बॅटरी नसलेले सोलरही बंद पडते. तो बिघाड नव्हे, तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी केलेली सोय आहे.

रीडिंगच्या दिवशी मीटरवरच्या आयात-निर्यातीच्या दोन्ही आकड्यांचा फोटो काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आलीच, तर तोच पुरावा.