कुलूपबंद डिस्क बिघडली तर?

संगणक चालू असताना वीज गेली आणि पुन्हा सुरू केल्यावर फायली उघडेनात. त्यातून डिस्क कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक स्वरूपात लिहिलेली! अशा वेळी दोष कोणत्या थरात आहे, हे आधी ओळखावे लागते.

लिनक्स प्रणालीत असे तीन थर मानता येतील. तळाशी प्रत्यक्ष डिस्क. तिच्यावर कूटबद्धतेचा थर. हे काम ‘डीएम-क्रिप्ट’ करते आणि किल्ल्यांची मांडणी ‘लक्स’ पद्धतीने होते. सर्वांत वर फाइल-व्यवस्था, उदाहरणार्थ ‘ईएक्सटी४’. कोणती फाइल कोठे आहे, याची नोंदवही ती ठेवते.

तुमचा परवलीचा शब्द ही खरी किल्ली नव्हे. खरी किल्ली विभागाच्या आरंभी, शीर्षभागात, कूटबद्ध करून ठेवलेली असते. परवलीचा शब्द फक्त ती पेटी उघडतो. म्हणून शीर्षभाग नष्ट झाला आणि त्याची प्रत नसली, तर शब्द अचूक आठवूनही उपयोग नाही. उलट, इतरत्र एखादा बिट बिघडला तर नुकसान थोडे. एईएस पद्धत १६ बाइटांचे गट करते. नेहमीच्या ‘एक्सटीएस’ प्रकारात तेवढा एक गट निरर्थक होतो. शेजारचे शाबूत राहतात.

म्हणून दुरुस्ती खालून वर करावी.

१. कर्नलच्या नोंदी पाहा. वाचनातील चुका दिसल्या, तर आधी ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या व पुढचे काम प्रतीवरच करा.

२. ‘क्रिप्टसेटअप’ने कुलूप उघडा. उघडले तर किल्ली शाबूत आहे. न उघडल्यास प्रथम कळफलकाची मांडणी तपासा.

३. आता ‘एफएससीके’ चालवा. पण कुलूप उघडल्यावर ‘मॅपर’खाली दिसणाऱ्या उपकरणावरच. मूळ विभागावर नोंदवही नसून नुसते सांकेतिक बाइट असतात. तेथे ‘दुरुस्ती’ लिहिली गेली, तर शीर्षभागच बिघडण्याचा धोका असतो. प्रथम ‘एन’ पर्याय देऊन केवळ पाहणी करा.

४. मुख्य नोंद वाचता येत नसेल तरी आशा सोडू नका. ईएक्सटी४ तिच्या प्रती ठेवते. खंड ४०९६ बाइटांचे असतील, तर पहिली प्रत सामान्यतः ३२७६८ क्रमांकाच्या खंडात असते.

सर्वांत उत्तम उपाय मात्र आधीच करायचा असतो. फायलींची प्रत तर ठेवावीच, शिवाय शीर्षभागाची प्रतही वेगळ्या जागी ठेवावी. ‘लक्स२’मध्ये तो सामान्यतः १६ मेबिबाइटांचाच असतो.

विचार करा : परवलीचा शब्द बदलल्यावर शीर्षभागाची जुनी प्रत नष्ट का करावी?