पडद्यापलीकडचे डॉक्टर

डोळखांब, कसारा, टोकावडे किंवा मोरोशीकडच्या पाड्यांतून शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय अथवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठायचे म्हणजे दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. अशा रुग्णांसाठी ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा सोयीची आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला दूरच्या डॉक्टरशी व्हिडिओवर जोडून देतात. सल्ला मोफत असतो.

मात्र पडद्यावर दिसते ते सगळे खरे धरू नये, असे मी आवर्जून सांगतो. रेंज कमी असली की चित्र थांबत-उडत येते. तान्ह्या मुलाची छाती मिनिटाला ६० वेळा हलत असली, तरी पडद्यावर मोजताना श्वास कमीच भरतील आणि न्यूमोनिया नजरेतून सुटेल. म्हणून श्वास मुलाजवळ बसलेल्या माणसानेच मोजावेत. मूल शांत असताना, छाती उघडी ठेवून, घड्याळ लावून पूर्ण १ मिनिट मोजावे. २ महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर धाप आहे असे समजावे व आकडा डॉक्टरांना सांगावा. कावीळ व रक्तक्षय यांचा रंगही दिव्याच्या उजेडाने बदलतो, तेव्हा डोळे व जीभ दिवसाच्या उजेडात पाहावी.

जोडणी करताना एवढे सांभाळावे:

१. मोबाइल हातात न धरता टेकवून ठेवावा. खिडकी रुग्णाच्या समोर असावी, पाठीमागे नको.

२. ताप, रक्तदाब, वजन आधीच मोजून कागदावर लिहावे.

३. चित्र अडकल्यास व्हिडिओ बंद करून आवाज चालू ठेवावा. साधा फोन नंबरही आधी घेऊन ठेवावा.

४. ‘औषध द्यायचे की रुग्णालयात पाठवायचे’ हे ठरेपर्यंत लाइन तोडू नये.

दिवसभर कॅमेरा चालू ठेवावा का, असे काही जण विचारतात. माझ्या मते ठेवू नये. तपासणीच्या खोलीत रुग्णाची लाज राखली पाहिजे. रोज ठरलेल्या वेळी जोडणी तपासून घेतली, म्हणजे पुरे.

सर्पदंश, छातीत कळ, झटके, गरोदरपणातील रक्तस्राव, दूध-पाणी न पिणारे किंवा सुस्त पडलेले मूल, श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाणे, यांपैकी काहीही असल्यास पडद्यासमोर वेळ घालवू नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि रुग्णालय गाठा.

सल्ला संपताना एक प्रश्न न विसरता विचारा: ‘डॉक्टर, बरे वाटले नाही तर किती दिवसांनी आणि कुठे दाखवू?’