फिरते चाक आणि खरा आकडा : मोबाईल ॲपचा पडदा कसा बदलतो?

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या दुकानापासून तुमसरच्या धान बाजारापर्यंत मोबाईल आता गल्ल्यावर येऊन बसला आहे. मोडीचा भाव, मालाची शिल्लक, उधारी आणि पैसे जमा झाल्याची वर्दी त्याच्याच पडद्यावर पाहिली जाते. काही व्यापारी बंधू आपल्या दुकानासाठी स्वतंत्र ॲप बनवून घेतात, तर शिकलेले तरुण असे ॲप बनविण्याचा व्यवसाय करतात. परंतु पडद्यावर दिसणारा आकडा तेथे येतो कसा, आणि तो कधी जुना किंवा अपुरा असू शकतो, याची माहिती दोघांनाही असणे आवश्यक आहे. कारण पडदा चुकला की नुकसान गल्ल्याचे होते.

एक गल्ला, अनेक कारागीर

भांड्यांच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. पुढे गल्ल्यावर एक माणूस बसतो. ग्राहकाशी बोलणे, भाव सांगणे आणि वहीत नोंद करणे ही कामे त्याची. मागे कारखान्यात ओतकाम, ठोकणी, पॉलिश चालते. गल्ल्यावरचाच माणूस उठून पॉलिश करू लागला तर ग्राहक ताटकळत उभे राहतील आणि शेवटी दुसऱ्या दुकानी जातील.

ॲपची रचनाही अशीच असते. त्यात कामाचे वेगवेगळे धागे असतात. इंग्रजीत त्यांना थ्रेड म्हणतात. मुख्य धागा गल्ल्यावर बसलेला असतो. बोटाचा स्पर्श ओळखणे आणि पडदा रंगविणे हे त्याचे काम. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवावयाचा तर प्रत्येक वेळी त्याला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. इंटरनेटवरून भाव आणणे किंवा वर्षभराची खतावणी चाळणे अशी जड कामे त्याच्यावर टाकली तर पडदा गोठतो. अँड्रॉइड फोनमध्ये स्पर्शाला सुमारे ५ सेकंद उत्तर मिळाले नाही तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना येते. म्हणून जड कामे मागच्या धाग्याकडे, म्हणजे कारखान्यात, पाठवावी लागतात. आपल्याला दिसणारे फिरते चाक म्हणजे आत काम चालू असल्याची खूण होय.

चिठ्ठीची पद्धत

येथे एक महत्त्वाचा नियम आहे. कारागिराने वहीला हात लावावयाचा नाही. तीन कारागीर एकाच वेळी येऊन वहीत आकडे लिहू लागले तर कोणाचा आकडा कोणत्या रकान्यात गेला, हे कळणार नाही. त्याचप्रमाणे मागच्या धाग्याने पडद्याला स्पर्श करावयाचा नाही. अँड्रॉइडमध्ये तसा प्रयत्न झाल्यास ॲप बहुधा तेथेच बंद पडते. आयफोनमध्येही पडद्याचे काम मुख्य धाग्यानेच करावे, असा नियम आहे.

मग काम संपल्यावर निकाल पडद्यावर यावा कसा? कारागीर चिठ्ठी लिहून पुढे पाठवितो, चिठ्ठ्या खिळ्याला ओळीने लागतात आणि गल्ल्यावरचा माणूस एकेक काढून वहीत नोंदवितो. अँड्रॉइडमध्ये ही चिठ्ठी नेण्याचे काम हँडलर करतो. २००९ पासून त्यासाठी असिंकटास्क नावाचे तयार साधन होते; परंतु त्यातील अडचणींमुळे २०२० मध्ये ते वापरू नये असे ठरले. आता कोटलिन भाषेतील कोरुटीनचा वापर होतो. साधने बदलली, पण नियम तोच आहे : काम मागे, नोंद पुढे.

चुका कोठे होतात?

पहिली चूक, चिठ्ठी पाठविण्याचे राहून जाते. मागे नवा भाव येऊन पडलेला असतो, पण पडद्यावर जुनाच दिसतो. समजा, मोडीचा भाव किलोला ५०० वरून ४८० रुपयांवर उतरला आणि पडद्यावर ५०० राहिले. ४० किलो मोड घेणाऱ्या दुकानदाराचे एका सौद्यात ८०० रुपये जास्त गेले. यावर उपाय सोपा आहे : भावाशेजारी तो कोणत्या वेळचा आहे, हे छापलेच पाहिजे.

दुसरी चूक, चिठ्ठ्या मागेपुढे होतात. आधी पितळेचा भाव विचारला, मग तांब्याचा. तांब्याचे उत्तर लवकर आले आणि पितळेचे उशिरा येऊन त्याच जागी बसले. आता तांब्याच्या नावाखाली पितळेचा भाव दिसतो! म्हणून प्रत्येक उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे, हे तपासूनच ते पडद्यावर घ्यावे.

तिसरी चूक, चिठ्ठी येते तेव्हा जागाच रिकामी असते. ग्राहकाने फोन आडवा केला तरी अँड्रॉइड सहसा जुना पडदा मोडून नवा बांधतो. जुन्या पडद्याच्या नावाने आलेला निकाल मग हरवतो किंवा ॲप बंद पडते. निकाल पडद्याजवळ न ठेवता स्वतंत्र जागी ठेवणे हा त्यावरील उपाय आहे.

पैशाच्या बाबतीत विशेष दक्षता

२०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि ही गोष्ट प्रत्येक टपरीपर्यंत पोहोचली. ग्राहकाने पैसे पाठविले की निरोप त्याच्या बँकेकडे, तेथून राष्ट्रीय भुगतान निगमाच्या यंत्रणेत, मग आपल्या बँकेकडे जातो आणि उत्तर उलट परत येते. वाटेत उत्तर अडकले तर पडदा ‘प्रलंबित’ एवढेच सांगू शकतो. याचा अर्थ पैसे गेले असा नाही आणि गेले नाहीत असाही नाही. अशा वेळी ग्राहकाला लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठविण्यास सांगू नये. दोन्ही रकमा जमा होण्याचा संभव असतो. १२ आकडी संदर्भ क्रमांक टिपून घ्यावा.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे कापले गेले पण दुकानदाराला खातरी मिळाली नाही, तर ती रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत व्हावयास हवी. त्याहून उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठविलेल्या रकमेसाठी ही मुदत १ दिवसाची आहे.

आणखी एक सावधगिरी. ग्राहकाच्या फोनवरील हिरवी खूण पुरावा मानू नये. तशी खूण दाखविणारी खोटी ॲप्सही आहेत. आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली पाहावी, मगच माल द्यावा. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

ॲप बनवून घेताना विचारा

१. इंटरनेट मंद असताना पडदा गोठतो का?
२. आकड्यासोबत त्याची वेळ दिसते का?
३. बटण दोनदा दाबले तर नोंद दोनदा होते का?
४. काम फसले तर स्पष्ट सूचना मिळते, की चाकच फिरत राहते?

पैसे देण्यापूर्वी ही परीक्षा स्वतः करून पाहावी. ॲप बनविणाऱ्या तरुणांनीही लक्षात ठेवावे की अपुरे काम पूर्ण झाले म्हणून दाखविणे हे मापात मारण्यासारखेच आहे.

सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याची ताकीद आहे. आज लिहिणाऱ्याच्या जागी यंत्र आले असले तरी जबाबदारी माणसाचीच आहे. म्हणून दररोज दुकान बंद करण्यापूर्वी मोबाईलचा आकडा, बँकेचा आकडा आणि वहीचा आकडा एकदा ताडून पाहावा. तिन्ही जुळले की हिशेब साफ.