पेटी ठीक, पाइप आखूड

प्रश्न : गाडीच्या डिकीत १२ इंची सबवूफर बसवलाय. पेटी सुताराकडून करून घेतली, आतून ५० × ३५ × ३२ सेंमी. ४ इंची पीव्हीसी पाइप १३ सेंमी लांब आहे. कुठलंही गाणं लावा, एकच ‘धुम्म’ घुमतं. खोल बेस येतच नाही. सबवूफर बदलू का?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : मुळीच नको. तुमची पेटी ५६ लिटरची आहे. सबवूफर आणि पाइप यांची जागा वजा केली की साधारण ५० लिटर उरतात. १२ इंचीला एवढं बहुधा पुरतं, तरी कंपनीच्या कागदावरचा आकडा पाहून घ्या.

गडबड पाइपची आहे. पेटीतली हवा स्प्रिंगचं काम करते, पाइपमधली हवा तिच्यावर टांगलेल्या वजनाचं. पाइप आखूड म्हणजे वजन कमी, म्हणून सूर वर चढतो. तुमची पेटी ४८ हर्ट्झच्या आसपास लागली आहे, आणि तिथलाच ठोका सगळीकडे फुगतो. ३५ हर्ट्झ हवे असतील तर आतला व्यास १० सेंमी धरून पाइप ३१ सेंमी लांब घ्या. तो ३५ सेंमीच्या खोलीत घातला तर मागच्या फळीपर्यंत चारच सेंमी उरतील आणि हवा कोंडेल. त्यापेक्षा बाजूच्या फळीतून, ५० सेंमीच्या दिशेनं, मॅग्नेट चुकवून न्या. सांधे सिलिकॉननं बंद करा. बारीक फटसुद्धा शिट्टी वाजवते.

अँप्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर ३० हर्ट्झला ठेवायला विसरू नका. पेटीच्या सुराखाली कोनला हवेचा आधार राहत नाही. डीजे रिमिक्स मोठ्यानं लावलं की कॉइल तिथंच मार खाते.