पैसा की पैशाचा लोभ?



आपली मुले शाळेतून पैशाबद्दलच्या इंग्रजी म्हणी पाठ करून घरी येतात. त्यांपैकी तीन म्हणींचा आज आपण अभ्यास करू या.

१) 'पैसा हे सर्व वाईटाचे मूळ आहे.' ही म्हण बायबलमधून आली, पण वाटेत एक शब्द गळून पडला. तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (६:१०) संत पौल पैशाला नव्हे, तर पैशाच्या लोभाला मूळ म्हणतो. तिथल्या ग्रीक शब्दाचा अर्थच 'चांदीची आवड' असा आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरातही तो भाव कायम आहे. लोकांच्या तोंडी मात्र तो राहिला नाही. त्यामुळे दोष मनावरून उचलून नाण्यावर ठेवला गेला. मग श्रीमंत तेवढा दोषी आणि गरीब आपोआप निर्दोष! पौल तसे म्हणत नाही. रिकाम्या खिशातही लोभ मावतो. पुढे त्याच अध्यायात तो धनवानांना धन फेकून द्यायला नव्हे, तर उदार व्हायला सांगतो.

चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याने एक धर्मोपदेशक रंगवला आहे. तो नेमक्या याच वचनावर प्रवचन देतो आणि त्याच प्रवचनातून स्वतःची थैली भरतो. आम्हा धर्मगुरूंनीही हे विसरू नये.

२) 'पेत्राला लुबाडून पौलाचे देणे भागवणे.' आपल्याकडे 'याची टोपी त्याच्या डोक्यावर' म्हणतात. पतपेढीचा हप्ता भरण्यासाठी क्रेडिट कार्डावर पैसे उचलले, तर कर्ज फिटत नाही. फक्त सावकार बदलतो, आणि व्याज बहुधा वाढते.

३) 'पेनीत शहाणा, पौंडात मूर्ख.' १९७१ पर्यंत एका पौंडाच्या २४० पेनी होत. पेनी जपायची आणि पौंड उधळायचा, असा याचा अर्थ. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपण लग्नाच्या हॉलसाठी कर्ज काढतो, तेव्हा ही म्हण आपलीच होते.

तिन्ही म्हणी पैशाबद्दल बोलतात, पण तपासतात ते आपल्या मनाला.

घरी चर्चेसाठी :
१. आपल्या घरातील कोणता खर्च गरजेचा आणि कोणता लोकांना दाखवण्यासाठी?
२. घरावर किती कर्ज आहे, हे पती-पत्नी दोघांनाही ठाऊक आहे का?