लाल फेरारीची बातमी आणि तुमचे साठ लाख

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करतो. वय ३९, गृहकर्ज फिटले आहे. शाळेत असल्यापासून स्पोर्ट्स कारची हौस आहे आणि आता साठ लाखांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. दोन जुन्या गाड्या पाहून आलो : २०१७ची फोर्ड मस्टँग जीटी आणि २०१५ची पोर्शे केमन. मित्र म्हणतो, अशा गाड्यांचे भाव वाढतच जातात, म्युच्युअल फंड मोडून घेतलीस तरी तोटा नाही. फेरारी शेकडो कोटींना गेल्याच्या बातम्याही तो पाठवत असतो. ही गुंतवणूक समजावी का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : म्युच्युअल फंड मोडू नका, हे आधी सांगतो. गाडी जरूर घ्या, पण ती हौसेच्या पैशातून.

मित्राच्या बातम्या खऱ्या आहेत. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात ३६च बनल्या. त्यातली एक ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३४० कोटी रुपये. मर्सिडीजची ३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे जगात दोनच आहेत. त्यातली एक मे २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. मात्र त्याच काळात बनलेल्या आणि पुढे भंगारात गेलेल्या हजारो गाड्यांची बातमी कोणी छापत नाही. मित्राचा हिशेब नेमका तिथे चुकतो.

नवी स्पोर्ट्स कार पहिल्या चार-पाच वर्षांत वेगाने उतरते, मग उतार मंदावतो आणि किंमत बराच काळ तळाशी रेंगाळते. बहुतेक मॉडेलांची गोष्ट इथेच संपते. दुरुस्तीचे बिल गाडीच्या किमतीला गाठते आणि एक गाडी मोडून तिच्या पार्टवर दुसरी चालवली जाते. तळातून वर येतात ती थोडीच. ती का येतात, हे पोर्शे ९११ वरून फार स्पष्ट दिसते. १९९८ पर्यंतच्या ९११चे इंजिन हवेने थंड होई. त्या परंपरेतली शेवटची पिढी म्हणजे ९९३, आणि तिचे भाव आज कुठल्या कुठे गेले आहेत. तिच्या जागी आलेली ९९६ पाण्याने थंड होणारी होती. तिचे पुढचे दिवे स्वस्तातल्या बॉक्सटरसारखेच होते, शिवाय इंजिनातल्या आयएमएस बेअरिंगची धास्ती. चालवायला ९९६ मुळीच वाईट नाही, तरी ती वर्षानुवर्षे सगळ्यांत स्वस्त ९११ राहिली. शौकिनांना एखाद्या परंपरेतली शेवटची गाडी हवी असते, आणि त्यासाठी ते वाटेल तेवढे मोजतात.

नुसत्या कमी संख्येने काम होत नाही. फेरारी एफ४० चारशेच बनवायच्या असे ठरले होते, प्रत्यक्षात तेराशेच्या वर बनल्या. तरी तिचा मान टिकून आहे, कारण एन्झो फेरारींच्या हयातीत बाजारात आलेली ती शेवटची फेरारी. उलट लेक्सस एलएफए ५००च बनल्या, पण कित्येक नव्या गाड्या अमेरिकेतल्या शोरूममध्ये वर्षानुवर्षे पडून होत्या. तिच्या व्ही१० इंजिनाची किंमत लोकांना पुढे कळली. वयाचाही वाटा असतो. माणूस चौदा-पंधरा वर्षांचा असताना ज्या गाडीचे पोस्टर भिंतीवर लावतो, ती तो पन्नाशीत विकत घेतो. टोयोटा सुप्रा आणि निसान स्कायलाइन जीटी-आर यांचे भाव अलीकडे चढले, त्यामागे हीच पिढी आहे. शिवाय अमेरिकेत तिथल्या नियमांत न बसणारी गाडी २५ वर्षांची झाली की आयात करता येते, त्यामुळे १९९९ पासून बनलेल्या आर३४ स्कायलाइन जीटी-आरला २०२४ पासून एक मोठी नवी बाजारपेठ उघडली.

चढलेले भाव कोसळतातही. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो गेले आणि फेरारींच्या किमती भडकल्या. त्यात जपानमधला पैसा ओतला गेला. १९९० नंतर तो फुगा फुटला आणि ज्यांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या होत्या त्यांचे फार हाल झाले. तुमच्या मित्राला हे जरूर वाचून दाखवा.

आता आपल्याकडचे पाहू. जगातल्या लिलावांचा आणि भारतातल्या जुन्या गाड्यांच्या बाजाराचा संबंध फार थोडा आहे. वापरलेली गाडी आपल्याकडे आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, त्यामुळे इंग्लंडमध्ये स्वस्त मिळणारी वीस वर्षांची ९११ तुम्ही आणू शकत नाही. इथे घेतलेली गाडी बाहेर विकायला गेलात, तर भरलेला कर परत मिळत नाही. हा कर किती, ते बघा. बंदरात एक कोटीला पडणाऱ्या गाडीवर सीमाशुल्क आणि अधिभार मिळून ११० टक्के लागतात, म्हणजे झाले दोन कोटी दहा लाख. त्यावर ४० टक्के जीएसटी, ८४ लाख. दोन कोटी ९४ लाखांवर डीलरचा नफा आणि महाराष्ट्रातला वाहन कर. आयात गाडीला हा कर २० टक्के आहे आणि त्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० ऐवजी ३० लाख झाली आहे. सव्वातीन कोटींत गाडी एकच कोटीची असते. पहिला मालक हा कर सोसतो, म्हणून दुसऱ्या मालकाला गाडी स्वस्त वाटते.

यात एक धोका दडलेला आहे. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या भावाला बांधलेला असतो आणि नव्या गाडीचा भाव सरकारच्या हातात. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या मोटारींवरचा जीएसटी आणि सेस मिळून होणारा ४८ टक्के कर ४० टक्क्यांवर आला. नव्या गाड्या एका दिवसात लाखांनी उतरल्या आणि जुन्यांच्या मालकांना मुकाट्याने भाव कमी करावे लागले. २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ठरावीक संख्येपुरते मोटारींवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचे ठरले आहे. ॲस्टन मार्टिन किंवा मॅक्लारेन जुनी घेऊन ठेवणाऱ्याने हे डोळ्यांसमोर ठेवावे. अशा अनिश्चिततेला गुंतवणूक म्हणणे मला पटत नाही.

मग निदान कमी पैसे बुडतील अशी गाडी कोणती? तुमच्या दोन्ही निवडी चांगल्या आहेत. मस्टँग जीटी भारतात २०१६ मध्ये ६५ लाखांना आली. कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची बनलेली ती मस्टँगची पहिली पिढी, पाच लिटरचे टर्बो नसलेले व्ही८ इंजिन, आणि पार्ट जगभर मिळतात. एकच उणीव आहे. आपल्याकडे ती ऑटोमॅटिकच आली, आणि शौकिनांचा जीव हाताच्या गिअरवर असतो. तुम्ही पाहिलेली केमन ९८१ पिढीची आहे, तिच्यात सहा सिलिंडरचे टर्बो नसलेले इंजिन आहे. २०१६ मध्ये आलेल्या ७१८ पिढीत साध्या केमनला चार सिलिंडरचे टर्बो इंजिन बसवले गेले आणि जुन्या आवाजाचे चाहते हळहळले. सर्व्हिसची सगळी बिले असतील, अपघाताची नोंद नसेल, तर मी केमनच्या बाजूने आहे. घेण्याआधी अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासणी करून घ्या, इंजिन किती वेळा मर्यादेपलीकडे फिरवले गेले याची संगणकातली नोंद मागून घ्या आणि टायरवरची तारीख वाचा. वर्षाकाठी विमा, टायर, ब्रेक आणि सर्व्हिससाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर थोडी स्वस्त गाडी पाहा.

आणि घेतली की चालवा. सोने तिजोरीत सोनेच राहते. गाडी झाकून ठेवली की रबराचे सील वाळतात, पेट्रोल खराब होते, बॅटरी बसते. कमी किलोमीटरचा आकडा पाहून भुलणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिल्या वर्षातच हे बिल भरावे लागते.

प्रश्न : आमचा इचलकरंजीत यंत्रमागाचा व्यवसाय आहे. सीए म्हणतात, स्पोर्ट्स कार कंपनीच्या नावावर घ्या, घसारा मिळेल. पुढे ती जास्त किमतीला विकली तर कर लागेल का?
— एक वाचक

उत्तर : लागेल, आणि वाढलेल्या किमतीची आशा असेल तर कंपनीचे नाव हे चुकीचे ठिकाण आहे. कंपनीच्या मोटारीवर साधारणपणे शिल्लक मूल्याच्या १५ टक्के घसारा मिळतो. पण विकल्यावर आलेली रक्कम मालमत्तेच्या गटातून वजा होते, आणि गट संपूनही रक्कम उरली तर तो अल्पमुदतीचा भांडवली नफा ठरतो. गाडीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट तुमच्या व्यवसायात मिळणार नाही. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला वाहन करही २० टक्के. खासगी वापराचा खर्च तपासणीत नामंजूर होऊ शकतो, आणि यंत्रमागाच्या कारखान्याला दोन सीटची गाडी कशाला लागते, हे अधिकारी विचारणारच.

स्वतःच्या नावावर, स्वतःच्या वापरासाठी घेतलेली मोटार प्राप्तिकर कायद्यात वैयक्तिक वापराची वस्तू धरली जाते, त्यामुळे ती विकून झालेल्या फायद्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. तोटा झाला तर तोही कुठे वजा करता येत नाही. दरवर्षी गाड्या घेऊन विकू लागलात, तर मात्र तो व्यवसाय समजला जाईल. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो. तो रिटर्नमध्ये जमा धरायला विसरू नका.

प्रश्न : आजोबांनी १९५९ मध्ये घेतलेली एमजीए आमच्या मडगावच्या घरी उभी आहे. नोंदणी कधीच संपली. मेकॅनिक म्हणतो, नवे जपानी इंजिन टाकू, रंग मारू, चांगली किंमत येईल.
— एक वाचिका

उत्तर : मेकॅनिकला कृपा करून थांबवा. चॅसिस आणि इंजिन यांचे मूळ क्रमांक जुळणे, हीच अशा गाडीची खरी मिळकत. एमजीए १९५५ ते १९६२ या काळात एक लाखाच्या वर बनल्या, त्यामुळे ती दुर्मीळ नाही आणि कोट्यवधी मिळणार नाहीत. पण पोर्तुगीज काळातली नोंदणीची कागदपत्रे असतील तर गोव्याचा तो इतिहास गाडीला सगळ्यांपासून वेगळे करतो. सचिन तेंडुलकरची ३६० मोडेना आठवा. हे मॉडेल हजारोंनी बनले, पण २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हातून मिळालेली, जिच्या आयात शुल्काचा वाद न्यायालयात गेला आणि शेवटी फियाटने ते शुल्क भरले, ती फेरारी एकच.

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदता येते, नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर ही नोंदणी मिळत नाही, म्हणजे जपानी इंजिनाने हा दरवाजाही बंद होईल. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. आधी वारसांची लेखी संमती घेऊन गाडी आपल्या नावावर करा. विमा घेताना कंपनीशी बोलून गाडीचे मूल्य लेखी ठरवून घ्या, कारण पाच वर्षांपुढच्या गाडीला घसाऱ्याचा ठरलेला तक्ता लागू होत नाही.

प्रश्न : हवी ती गाडी पुदुच्चेरीच्या नंबरची ठाण्यात बारा लाखांनी स्वस्त मिळते आहे. घ्यावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ते बारा लाख बहुधा तुम्हालाच भरावे लागतील. बाहेरच्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. त्या मालकाचा पुदुच्चेरीतला पत्ता खरा होता का, हेही पाहा. कर चुकवण्यासाठी खोट्या पत्त्यांवर नोंदलेल्या महागड्या गाड्यांवरून केरळात २०१७ मध्ये गुन्हे दाखल झाले होते.

सौद्याआधी चार गोष्टी हातात घ्या : मूळ आरटीओची एनओसी, कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र, आयात गाडी असेल तर सीमाशुल्काचे बिल ऑफ एंट्री, आणि बॉडीवर कोरलेल्या चॅसिस क्रमांकाचा स्वतः काढलेला फोटो. बिल ऑफ एंट्रीबद्दल विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथून निघून या. सीमाशुल्क न भरता आलेली गाडी तिसऱ्या मालकाकडूनही जप्त होते. सप्टेंबर २०२५ मध्ये भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांवर केरळात सीमाशुल्क विभागाने केलेली कारवाई ताजी आहे. चारही कागद नीट असतील तर किमतीतून महाराष्ट्राचा कर वजा करून बोली लावा, आणि टोकन देताना पावतीवर चॅसिस क्रमांक लिहून घ्या.